सात वाजून पाच मिनिटांचा तमाम

शम्म-अन-नसीमच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या कुठल्याही कचेरीत शिरा, फसीखचा वास येणारच. महिना-दोन महिने मिठात मुरवून कुजवलेली ही मासळी या वसंताच्या सणाला हिरव्या कांद्याच्या पातीबरोबर खायची आणि पुढचे दोन दिवस तोंडाला, बोटांना, शर्टाच्या बाह्यांना तो वास मिरवायचा. सरकार दर वर्षी बजावतं, की बाबांनो, विषबाधा होते, खाऊ नका. लोक दर वर्षी मान डोलावतात आणि खातात.

त्या मंगळवारी रावयाच्या खोलीतही तोच वास होता. रावया अब्दुलबर्र दुमयातच्या अलीकडे, कालव्याकाठच्या गव्हाच्या कोठारांवर अकरा वर्षं नोकरीला होती. कंपनीच्या अठ्ठेचाळीस पत्र्याच्या उंच कोठ्या तिच्या खिडकीतून दिसत आणि संगणकातल्या तिच्या तक्त्यात प्रत्येक कोठीची एक ओळ होती. कोठीचा नंबर, गव्हाचं तापमान, किडे मारायला सोडलेल्या विषारी गॅसचा आकडा आणि सगळ्यात शेवटचा रकाना, 'शेवटचा बदल'. म्हणजे ही ओळ शेवटची कधी बदलली, ती तारीख आणि वेळ. चोवीस तासांत बदललेली ओळ पडद्यावर हिरवी दिसे, त्याहून जुनी झाली की लाल. गॅसचा आकडा शून्य आणि ओळ हिरवी, तरच माणसानं कोठीत उतरायचं, असा नियम होता.

नऊच्या सुमाराला तिचे साहेब, शाकिर बे, दारात येऊन उभे राहिले. सणाची सुस्ती अजून त्यांच्या डोळ्यांवर होती. रावयाला सगळे तिच्या मुलाच्या नावानं हाक मारत, उम्म यासीन, यासीनची आई.

"उम्म यासीन, कैरोची तपासणी समिती उद्या येतेय. त्यांना यादी हवीय. प्रत्येक कोठीची नोंद शेवटची कधी बदलली, गेल्या महिन्याभराची. दुपारच्या आत दे बाई."

"तमामचा कागद दाखवायचा नेहमीसारखा."

"तोच नको म्हणतात. नवा साहेब आलाय कुणीतरी. त्याला नुसतं 'ठीक आहे' पुरत नाही, कधीपासून ठीक आहे तेही पाहिजे. शिकलेली माणसं फार ताप देतात."

शाकिर बे हसत गेले. रावयानं चहाचा पेला बाजूला ठेवला आणि यादी काढली.

पहिल्या कोठीसमोर आजची तारीख आणि सात वाजून पाच मिनिटं, शून्य सेकंद. दुसरीसमोर तेच. तिसरीसमोर तेच. ती खाली खाली सरकत गेली आणि अठ्ठेचाळिसाव्या कोठीपर्यंत तेच होतं. तिला आधी हसूच आलं. कोठ्यांची फेरी मारायला धडधाकट माणसाला पाऊण तास लागतो. सगळ्या एकाच सेकंदाला मोजायच्या तर अठ्ठेचाळीस माणसं शिट्टी वाजवून एकदम सोडायला हवीत. मग ते हसू ओठांवरच सुकलं, कारण असं का झालं हे तिला आठवलं. ते तिनंच केलं होतं.

आमच्याकडे सकाळ तमामनं सुरू होते. तमाम म्हणजे सगळं ठीक, सगळे हजर, काही तक्रार नाही. प्रत्येक पुरुष लष्करात जाऊन येतो आणि तिथून ही सवय अंगाला चिकटवून आणतो. पंपावरचा माणूस फोन करतो, तमाम. फाटकावरचा करतो, तमाम. पंप बंद असला तरी तमाम असतो, कारण तमाम नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, का नाही, आणि त्याचं उत्तर सकाळी सकाळी कुणाकडे असतं?

चार वर्षांपूर्वी कुणी बडा पाहुणा आला आणि नेमक्या त्याच दिवशी पडद्यावर अकरा कोठ्या लाल होत्या. शाकिर बे घामाघूम झाले. पाहुणा गेल्यावर त्यांनी रावयाला बोलावलं. "मला एक बटण करून दे. मी तमाम म्हटलं, की सगळं हिरवं झालं पाहिजे." तिनं ते एका दुपारीत करून दिलं. बटण दाबलं की आकडे होते तसेच राहत, फक्त 'शेवटचा बदल' ताजा होई. कोठ्यांचाही आणि कामगारांच्या हजेरीच्या तक्त्याचाही. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर बसबूसाचं, रव्याच्या मिठाईचं, अख्खं तबक आलं होतं. पुढे एका रमजानमध्ये सकाळपाळीचा माणूस पहाटेची सहरी करून झोपून जायला लागला, बटण दाबायला कुणी उठेना, तेव्हा तिनं तेही काम यंत्राला लावून दिलं. रोज सात वाजून पाच मिनिटांनी आपोआप तमाम. रमजानपुरतं, असं ती स्वतःशी म्हणाली होती. ईद झाली, मग दुसरी ईद झाली, आणि ती ते विसरून गेली. आकडे तर माणसं भरतातच, एवढा तिचा हिशेब होता.

भरतात का? तिनं तक्त्याच्या जुन्या प्रती उघडल्या. दर रविवारी एक प्रत बाजूला पडत असे. एकोणतीस मार्च, पाच एप्रिल, बारा एप्रिल. तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. तिन्ही रविवारी सगळे आकडे तंतोतंत तेच होते. वेळ तेवढी रोजची ताजी, आकडे सगळे शिळे.

तिनं मापकाच्या खोलीला फोन लावला.

"गॅसचं मीटर? ते दुरुस्तीला इस्कंदरियाला गेलंय की. मार्च संपता संपता गेलं," पलीकडचा माणूस म्हणाला.

"मग आकडे कोण देतंय?"

"कुणी नाही. तुमच्याकडे तर रोज हिरवं दिसतं बाई. आम्ही म्हटलं, तुम्ही काहीतरी नवीन बसवलं असेल."

सतराव्या कोठीसमोर शून्य होतं. रावयाच्या टेबलावर धुरीवाल्यांचा कागद होता आणि त्यावर त्यांच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, की चार एप्रिलला सतरा नंबरमध्ये विषाच्या गोळ्या टाकल्या, दहा दिवस झाकण बंद. गोळ्या टाकलेल्या कोठीत आकडा शेकड्यांनी असायला हवा. पाच तारखेलाही शून्य आणि बारालाही शून्य, म्हणजे ते शून्य गोळ्यांच्या आधीचं होतं. दहा दिवस आजच संपत होते. नवा गहू यायच्या आत तळाचा कोंडा झाडायला आज सकाळी सतरा नंबर उघडायची होती. झाडणारी टोळी रईस, म्हणजे मुकादम, दसूकीची. आणि त्या टोळीत सगळ्यात आधी खाली उतरतो तो शहाता, रावयाचा धाकटा भाऊ.

रावयाच्या पाठची आईची तीन मुलं पाळण्यात गेली, म्हणून त्यानंतरच्याचं नाव तिनं शहाता ठेवलं, भिक्षेत मिळालेला. देवाचं लक्ष जाऊ नये, दृष्ट लागू नये, असं नाव. चौतीस वर्षांचा झाला तरी काटकुळाच राहिला आणि त्याच्या काटकुळेपणाचं टोळीला कौतुक होतं, कारण कोठीचं तोंड अरुंद असतं. कालच आईच्या गच्चीवर त्यानं रावयाच्या ताटातला फसीखचा तुकडा पळवला होता. "ताई, तू खुर्चीत बसून जाड होतेस. मला उद्या भोकातून जायचंय, मला खाऊ दे," असं म्हणून वर दोन अंडी खाल्ली होती.

तिनं त्याचा फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला. वाजत राहिला. मग तिला आठवलं, की ठिणगीच्या भीतीनं कोठ्यांजवळ फोन नेऊ देत नाहीत, फाटकावरच्या लाकडी पेटीत सगळ्यांचे फोन पडून असतात. तो तिथेच, बंद पेटीत, वाजत होता. रईसचाही तिथेच.

रावया धावली. पन्नाशीला आलेली बाई, चपला, उन्हात तापलेला सिमेंटचा रस्ता. सतरा नंबरच्या सावलीत रईस दसूकी उकिडवा बसून चहा पीत होता.

"शहाता कुठाय?"

"आत. तुम्ही कशाला धावत आलात उम्म यासीन? घरी सगळं ठीक ना?"

"बाहेर काढा त्याला. आत्ता. गॅस आहे आत."

"गॅस कुठला? सकाळी पडदा बघूनच झाकण काढलं मी. शून्य, हिरवं, सात-पाच."

"वास नाही आला तुम्हाला?"

रईस खो खो हसला. "वास! अहो, आज सगळ्या मुलखाला सडक्या मासळीचा वास येतोय. झाकण काढल्यावर आलाच होता भपकारा. आम्ही शहाताला म्हटलं, तोंड बंद ठेव रे, कोठी घाण करतोस!"

त्या गोळ्यांच्या गॅसचा वास सडलेल्या मासळीसारखा, लसणीसारखा असतो, हे धुरीवाल्यांनी प्रत्येक भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं आहे. वर्षातले तीनशेत्रेसष्ट दिवस तो वास आला असता तर हीच माणसं पळत सुटली असती. रावयानं रईसच्या हातातला चहा उडवला आणि झाकणावरून खाली आलेला शहाताच्या कमरेचा दोर ती स्वतःच ओढायला लागली, तेव्हा कुठे तो उठला.

शहाता वर आला आणि शिडीनं खाली उतरला तो स्वतःच्या पायांनी. अंगभर कोंडा, डोळे लाल, पण हसत. "काय ताई, अम्मा गेली की काय? एवढी पांढरी का पडलीस?" रावयानं त्याला मिठी मारली आणि तिला रडूच कोसळलं. वाचला, एवढंच तिच्या मनात होतं. सगळं अंग हलकं झालं होतं. मग तो दोन पावलं चालला, कोठीच्या पायाला हात टेकला आणि भडाभडा ओकला.

"फसीख!" टोळी एका आवाजात ओरडली आणि हसली. शहाताही तोंड पुसत हसला.

दवाखान्याच्या पडवीत आधीच फसीखचे तीन रोगी बसले होते, चौथा शहाता. शाकिर बे गाडी घेऊन स्वतः आले. डॉक्टरीण तरुण होती आणि सकाळपासून उभी होती. तिनं शहाताची जीभ पाहिली, पोट दाबलं, काल काय खाल्लं ते विचारलं आणि मग कोंड्याकडे बघून म्हणाली, "कुठे काम करतोस? तिथे धुरीबिरी, औषध वगैरे काही?"

शाकिर बेंनी खिशातून फोन काढला. पडद्याचा फोटो त्यांच्याकडे तयार होता. "आम्ही रोज मोजतो डॉक्टरसाहेब. हे बघा. सतरा नंबर, शून्य. आज सकाळी सात-पाचला."

डॉक्टरणीनं फोटो पाहिला, वेळ पाहिली, मान हलवली आणि मासळीच्या विषबाधेचा कागद लिहायला घेतला.

रावया तिथेच उभी होती. तोंड उघडायला तिला एक श्वास पुरला असता. तिनं शाकिर बेंकडे पाहिलं, तर ते तिच्याकडेच बघत होते. जरा बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "पोरगा चालतोय, बोलतोय. फसीखच आहे. उगाच गॅस म्हणालीस तर पोलीस येतील, मग विचारतील हे बटण कुणी केलं. तुला दोन मुलं कॉलेजात आहेत उम्म यासीन. उद्या आपण आकडे नीट करू. मी शब्द देतो."

आणि रावया गप्प बसली. तिला कुणी धमकावून गप्प बसवलं, असं मी म्हणणार नाही. ती स्वतः बसली. भाऊ समोर हसत होता, शेजारच्या म्हाताऱ्या रोग्याला चिडवत होता, की हाजी, तुम्ही कुणाच्या दुकानातून घेतली, तिथून मी घेणार नाही आता. सलाइन संपल्यावर तो म्हणाला, "ताई, डोकं ठणकतंय, जरा पाय मोकळे करू." ती त्याला घेऊन फाटकापर्यंत गेली, टपरीवर बसवलं, पुदिन्याचा चहा पाजला, पुन्हा जिना चढवून वर आणलं. त्याला दम लागला. "कोंडा छातीत गेलाय," तो म्हणाला. दुपारची अजान झाली. मग तिसऱ्या प्रहराची. शेजारचे तिन्ही फसीखवाले बरे होऊन घरी जायला निघाले, आणि शहाताच्या ओठांना निळसर झाक यायला लागली.

तेव्हा ती डॉक्टरणीच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "तो आकडा खोटा आहे."

डॉक्टरणीला आधी कळेना. रावयानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बटण, तमाम, रमजान, रविवारच्या प्रती, सगळं.

"पण फोटोत आजची वेळ आहे."

"वेळ आजची आहे. ती मी टाकते. मी म्हणजे माझं यंत्र. आकडा आजचा नाही."

"मग खरं मोजमाप शेवटचं कधी झालं?"

"एकोणतीस मार्चच्याही आधी. नेमकं कधी ते मलाही सांगता येणार नाही. ती वेळ रोज पुसली जात होती."

डॉक्टरीण खुर्चीतून उठली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच रावयाला जास्त लागलं. "मी सकाळपासून त्याला मासळीचं औषध देतेय. त्या गॅसला उतारा नाही बाई, खरंच नाही. पण मी त्याला खाटेवरून पाय खाली ठेवू दिला नसता. हृदयाचं यंत्र लावलं असतं. तुम्ही त्याला जिने चढवलेत?"

"चहा प्यायला नेलं होतं," रावया म्हणाली.

मग सगळी धावपळ झाली. यंत्रं आली, दोन डॉक्टर आले, मन्सूऱ्याच्या मोठ्या इस्पितळाला फोन गेले. शहातानं एकदा डोळे उघडून ताईचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "फसीखच ना गं?" ती हो म्हणाली. मग्रिबच्या, सूर्यास्ताच्या, अजानीआधी तो गेला.

आईला सांगायला गेली तेव्हा म्हातारी म्हणाली, "मी तर त्याचं नाव शहाता ठेवलं होतं." एवढंच.

दफन दुसऱ्या दिवशी, दुपारच्या नमाजानंतर ठरलं. सकाळी रावयाचा फोन वाजला. शाकिर बे होते. त्यांनी देवाची इच्छा, सबूर, सगळं म्हटलं आणि मग म्हणाले, "तू आज येऊ नकोस. समितीची यादी मी पाठवतो. सगळं तमाम आहे म्हणून सांगतो, तू काळजी करू नकोस."

सात वाजायला वीस मिनिटं होती. रावयानं काळा झगा चढवला आणि कुणाला न सांगता निघाली. फाटकावरच्या माणसानं तिला पाहून मान खाली घातली. लाकडी पेटीत एक फोन अजून पडून होता, त्यानं तो दोन्ही हातांनी तिला दिला. पडद्यावर काल सकाळचे तिचेच सात चुकलेले फोन होते.

ती आपल्या खुर्चीत बसली, यंत्र सुरू केलं, जुन्या प्रती एका वेगळ्या तबकडीवर उतरवून घेतल्या आणि ती झग्याआड, छातीशी ठेवली. मग बटण काढायला म्हणून तिनं आपलाच जुना मजकूर उघडला. चार वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या ओळी वाचताना तिला जरा वेळ लागला. तेवढ्यात सात वाजून पाच मिनिटं झाली.

कसलाही आवाज झाला नाही. पडदा एकदा हलला इतकंच. अठ्ठेचाळीस कोठ्या हिरव्या झाल्या. सतरा नंबर, शून्य, हिरवी. खाली कामगारांचा तक्ता होता, एकशे बारा माणसं, तीही एकदम ताजी झाली. सत्त्याण्णवावी ओळ, शहाता अब्दुलबर्र, सफाई, हजर. शेवटचा बदल, आज, सात वाजून पाच मिनिटं, शून्य सेकंद.

रावया त्या ओळीकडे बघत राहिली. तिला त्या यंत्राची भीती वाटली, खरीखुरी, आणि आपल्या दोन्ही हातांची किळस आली. उद्याही तो हजर असेल. परवाही. आई मातीत जाईल, आपण जाऊ, आणि हा रोज सकाळी सात-पाचला हजर राहील.

तिनं आधी बटण मोडलं. मग कैरोच्या साहेबाचा नंबर टेबलावरच्या शाकिर बेंच्या एका चिठ्ठीवर होता, तो लावला. पलीकडचा आवाज झोपेतला होता.

"मी कोठारांवरून बोलतेय. यादी तयार आहे. पण मला तुमच्याशी बोलायचंही आहे, आणि पोलिसांना घेऊन या. बटण मी केलंय."

"कुठलं बटण? तुम्ही कोण बोलताय बाई?"

"शहाताची बहीण," ती म्हणाली. थांबा म्हणून तिनं फोन टेबलावर ठेवला. सत्त्याण्णवाव्या ओळीवर गेली, 'हजर' हा शब्द एकेक अक्षर करून पुसला आणि त्या जागी 'मयत' लिहिलं. शेवटच्या रकान्यातली वेळ बदलली. सात वाजून अकरा मिनिटं, बत्तीस सेकंद. दोन्ही तक्त्यांतल्या एकशे साठ ओळींत खरी वेळ तेवढ्या एकाच ओळीला होती.